मंद चालीचा, जड हाताचा

पोकेमॉन हा प्रकार माझ्या पिढीच्या डोक्यावरून गेला. २००३ पासून कार्टून नेटवर्कवर तो हिंदीत लागायचा, तेव्हा आम्ही 'काय हे वेडेविद्रे प्राणी' म्हणून उठून जायचो. पण घरात भाचरं असली की माणसाचं शिक्षण थांबत नाही. गेल्या काही महिन्यांत भाच्याच्या कृपेने मला या खेळातल्या लढाईची तोंडओळख झाली, आणि त्यातून डोक्यात जे चक्र सुरू झालं ते थेट पानिपतापर्यंत जाऊन पोचलं. मामाला काहीही दाखवा, तो शेवटी पेशवाईत जातो असं घरचे म्हणतातच. असो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथली लढाई म्हणजे नुसती बटणं बडवणं नव्हे. बुद्धिबळासारखं ते पाळीपाळीचं काम आहे. प्रत्येक फेरीत दोन्ही बाजू आपली चाल मनात ठरवतात आणि ज्या प्राण्याच्या वेगाचा आकडा मोठा, त्याची चाल आधी होते. म्हणजे चपळ गडी आधी मारणार, आणि मंद गडी जिवंत राहिला तर नंतर मारणार. १९९६ साली जपानात आलेल्या पहिल्या खेळापासून त्यात स्नॉरलॅक्स नावाचा एक आडदांड, झोपाळू प्राणी आहे. त्याचा वेग अवघा ३०. त्याच खेळातल्या जोल्टिऑनचा वेग १३०! पण स्नॉरलॅक्सचा जीव १६० आणि मारा ११०. त्याचा एक तडाखा बसला की समोरचा हबकतो. प्रश्न एवढाच, की तो तडाखा बसेपर्यंत याला टिकवायचा कसा?

खेळणाऱ्यांनी याची तीन उत्तरं काढली आहेत. एक, गडीच एवढा जाड कातडीचा घ्यायचा की पहिला घाव सोसून उभा राहील. दोन, शेजारी असा जोडीदार उभा करायचा जो शत्रूचे घाव स्वतःच्या अंगावर ओढून घेईल. तिसरं उत्तर सगळ्यात गमतीचं. २००६ च्या डायमंड आणि पर्ल या खेळांत 'ट्रिक रूम' नावाची चाल आली. ती लावली की पाच फेऱ्यांपुरता वेगाचा नियमच उलटतो आणि जो सर्वांत मंद तो सर्वांत आधी मारतो. पण त्यातही मेख आहे. ती चाल लावण्यातच एक फेरी खर्ची पडते, आणि त्या फेरीत लावणाऱ्यावर शत्रू तुटून पडतो. शिवाय नियम उलटला तो सगळ्यांसाठी. तुमच्या स्वतःच्या फौजेत चपळ गडी असेल तर आता तोच शेवटी जाणार!

ही शेवटची मेख ऐकली आणि मी भाच्याला म्हटलं, "अरे, हे तर पानिपत!" तो नुसताच बघत राहिला. म्हणून हा लेख.

आपल्या इतिहासातला मंद चालीचा, जड हाताचा गडी म्हणजे तोफखाना. आणि त्याला हरवायचं कसं याचा धडा पहिल्यांदा नीट कुणी दिला असेल तर तो थोरल्या बाजीरावांनी. १७२७ च्या पावसाळ्यानंतर निजामुल्मुल्काशी जुंपली. निजामाकडे नावाजलेला तोफखाना, बाजीरावांकडे घोडदळ. समोरासमोर उभं राहणं म्हणजे तोफेच्या तोंडी जाणं. बाजीराव उभेच राहिले नाहीत. जालना, वऱ्हाड, खानदेश, गुजरात असे ते फिरत राहिले. निजामाने तेवढ्यात पुणं गाठलं, इथे कोल्हापूरच्या संभाजीराजांना छत्रपती म्हणून पुढे केलं. बाजीराव पुण्याकडे धावले असतील असं वाटेल, पण ते वळले औरंगाबादच्या रोखाने, निजामाच्या घरावर. आता धावायची पाळी निजामाची. घाईत जड तोफा मागे पडल्या, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ तो अशा जागी सापडला जिथे ना तोफा हाताशी, ना दाणावैरण, ना पाणी. मोठी लढाई न होताच मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला.

यातलं सूत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मंद गड्याला बळाने मारायचं नसतं. त्याला पळायला लावायचं, आणि त्याची रसद तोडायची. बाकी काम भूक करते.

मग हेच सूत्र माहीत असलेल्या मराठ्यांनी पुढे स्वतःच तोफखाना का धरला? कारण मधल्या काळात तोफा बदलल्या. १७५१ च्या अखेरीस बुसी हा फ्रेंच सरदार निजामाच्या फौजेबरोबर पुण्याच्या रोखाने चालून आला. चंद्रग्रहणाच्या रात्री त्याने नानासाहेब पेशव्यांच्या तळावर छापा घातला आणि पळापळ उडवली. बुसीच्या तोफा झरझर भरल्या जात, त्याचं कवायती पायदळ रांग न मोडता गोळीबार करी, आणि घोडदळाचा लोंढा त्यावर येऊन फुटे. आपल्याकडेही असं काही हवं, ही गोष्ट पेशव्यांच्या दरबाराने मनावर घेतली.

या कवायती शिपायांना आपल्याकडे 'गारदी' म्हणू लागले. शब्द फ्रेंचांकडूनच आला. पुण्यात आज गारदी म्हटलं की शनिवारवाडा, ३० ऑगस्ट १७७३ आणि नारायणराव पेशव्यांचा खून एवढंच आठवतं. पण त्याआधी बारा-तेरा वर्षं याच नावाचे लोक पेशव्यांसाठी मरेपर्यंत लढले होते. त्यांचा म्होरक्या इब्राहिमखान. बुसीच्या हाताखाली तयार झालेला, मग निजामाच्या चाकरीत असलेला, आणि १७५९ च्या सुमारास सदाशिवरावभाऊंनी आपल्याकडे घेतलेला. त्याआधी पेशव्यांकडे मुजफ्फरखान गारदी होता, त्याने तर भाऊंवर मारेकरी घातला होता. तरीही भाऊ दुसऱ्या गारद्यावर विश्वास टाकायला तयार झाले, हे मला विशेष वाटतं.

त्या विश्वासाचं फळ लगेच मिळालं. १७६० च्या जानेवारीत निजामअली आणि सलाबतजंग उदगीरच्या परिसरात गाठले गेले. बुसी तोवर त्यांना सोडून गेला होता. आपली उरलेली फौज धारूरकडे होती, तिला मिळावं म्हणून हे तोफा भोवती धरून हळूहळू औशाकडे सरकत होते. भाऊंच्या घोडदळाने चहूबाजूंनी घेरून त्यांना झपाट्याने चालू दिलं नाही, आणि इब्राहिमखानाच्या तोफांनी त्या घट्ट गोळ्याला भगदाड पाडलं. ३ फेब्रुवारीला निर्णायक झुंज झाली. तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख आला, दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी ठिकाणं आली.

उदगीर का जिंकलो ते भाच्याच्या भाषेत सांगतो. चपळ गड्याने शत्रूला जागेवर खिळवून ठेवलं, आणि शत्रू हलेनासा झाल्यावर मंद गड्याचा मंदपणा उरलाच नाही. मंद असणं ही गोष्ट नेहमी दुसऱ्याच्या तुलनेत असते हो! समोरचा तुमच्याहून मंद झाला की तुम्ही चपळच. शिवाय मुलूख ओळखीचा, रसद जवळ, आणि शत्रू एकाकी.

पुढच्याच महिन्यात परतूरला ठरलं की भाऊंनी उत्तरेत जायचं. उदगीरला जिंकून देणारा तोफखाना अर्थातच बरोबर निघाला. बैलांच्या जोड्यांनी ओढायच्या तोफा, मागे दारूगोळा, त्यामागे बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलं. चंबळेपलीकडे गेल्यावर मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाटाने सल्ला दिला असं बखरी सांगतात. सल्ला असा, की जड तोफा आणि कुटुंबकबिला मागे किल्ल्यात ठेवा, सडे होऊन गनिमी काव्याने लढा. भाऊंनी तो मानला नाही. बहुतेक सगळ्या कथा-कादंबऱ्यांत इथेच भाऊंच्या कपाळी दोष येतो. गर्व नडला, तोफांचं वेड नडलं, वगैरे.

मला हे फार सोपं उत्तर वाटतं. कारण १७ ऑक्टोबरला कुंजपुऱ्याचा किल्ला याच तोफांनी हां हां म्हणता घेतला. तोफा निकामी होत्या असं नव्हतंच. आणि मल्हाररावांचा गनिमी कावा तरी तिथे कुठे चालणार होता? पाठीशी सह्याद्री नाही, मुलूख सपाट, प्रजा परकी, आणि समोरच्या अफगाणाची घोडी आपल्याहून दणकट. चपळ गडी चपळ असतो तो त्याच्या अंगणात.

खरं नडलं ते वेगळंच. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट अडवली. नोव्हेंबर ते जानेवारी दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर बसल्या. खंदकामागे तोफा रोखलेल्या असताना अब्दालीही अंगावर यायला धजत नव्हता. म्हणजे जड गडी आपलं काम करत होता. पण पालखेडचं ते सूत्र आठवतंय ना? या वेळी ते अब्दालीने वापरलं. डिसेंबरात रसदीची खटपट करणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणीत उपासमार सुरू झाली. पैशाची तर आधीपासूनच बोंब होती. दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली होती. गारदी महिन्याच्या महिन्याला रोख पगार मागत, आणि यावरून सरदारांच्या मनात त्यांच्याविषयी अढी होती. आम्ही सरंजामावर लढतो, यांचेच लाड का?

१४ जानेवारी १७६१ ला उपाशीपोटी फौज बाहेर पडली. शेजवलकरांनी, म्हणजे आपल्या डेक्कन कॉलेजातल्या त्र्यं. शं. शेजवलकरांनी, 'पानिपत १७६१' मध्ये हे नीट उलगडून दाखवलं आहे. बेत होता गोलाच्या लढाईचा. मध्ये बायकामुलं आणि बुणगे, कडेला तोफा, गारदी आणि घोडदळ, आणि असा हा सबंध गोल लढत लढत सरकवत नेऊन कोंडी फोडायची. आता गंमत बघा. वर्षभरापूर्वी उदगीरहून निजाम असाच सरकत होता, आणि त्याला फोडणारे आपण होतो. या वेळी गोलात आपण होतो.

गोल चालतो तो सर्वांत मंद माणसाच्या पावलाने. म्हणजे भाऊंनी ट्रिक रूम लावली होती म्हणा ना! तोफेच्या चालीने सगळ्यांनी चालायचं, घोड्याने घोड्याचा स्वभाव विसरायचा. सकाळी काही तास हे जमलंही. डाव्या बाजूला इब्राहिमखानाच्या गारद्यांनी हाफिज रहमत आणि दुंदेखानाच्या रोहिल्यांची अशी दाणादाण उडवली की त्यांची फळी फुटली. आणि नेमक्या त्याच वेळी शेजारचे घोडेस्वार, विंचूरकर आणि गायकवाड, राहवलं नाही म्हणून गोल सोडून पुढे दौडले. शत्रू पळतोय असं दिसल्यावर पिढ्यान्‌पिढ्या दौडत आलेल्या स्वाराने लगाम खेचून धरायचा तरी कसा? पण ते पुढे गेले आणि आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आले. तोफा गप्प झाल्या. मग उलट मारा आला, ते मागे फिरले, आणि गारद्यांची बाजू उघडी पडली.

दुसरीकडे आणखी एक गोष्ट घडत होती. शुजाउद्दौल्याच्या गोटातून लढाई बघणाऱ्या काशिराज पंडिताने लिहून ठेवलंय, की मराठ्यांच्या तोफा एवढ्या जड होत्या की त्यांचा नेम पटकन खाली-वर करता येईना, आणि शत्रू जवळ आल्यावर गोळे त्याच्या डोक्यावरून मागे जाऊन पडू लागले. उलट अब्दालीकडे उंटांवरच्या हलक्या तोफा होत्या, जंबुरके. मारा छोटा, पण उंट हाकला की तोफ हवी तिथे. दुपारनंतर त्यांनी घात केला. विश्वासराव पडले, मग भाऊ. गारद्यांच्या बहुतेक पलटणी जागच्या जागी कापल्या गेल्या. इब्राहिमखान जखमी होऊन हाती लागला आणि मारला गेला.

लढाईआधी तो भाऊंपाशी जाऊन काय बोलला, हेही काशिराजाने लिहिलंय. महिन्याच्या पगारासाठी मी हट्ट धरतो म्हणून आपण नेहमी नाराज होता, पण आज बघा, आम्ही पगार फुकट घेतला नाही, अशा अर्थाचं ते बोलणं आहे. हे वाचलं की मला पुढचं वाचवत नाही. ज्याला सगळे भाडोत्री म्हणत होते तो आपल्या जागेवरून हलला नाही. मंद गड्याला पळता येत नाही, हे त्याचं दुबळेपण आणि हीच त्याची निष्ठा.

या लढाईतून एक मनुष्य लंगडत परत आला. महादजी शिंदे. पायावर घाव बसलेला, राणेखान नावाच्या भिस्त्याने उचलून वाचवलेला. पानिपतावरून धडा घेऊन महादजींनी तोफा टाकून दिल्या असतील असं कुणालाही वाटेल. त्यांनी उलट केलं! १७८४ मध्ये द बॉयन या सॅव्हॉयच्या माणसाला नोकरीत घेऊन कवायती पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफा ओतायचा कारखाना चालवला. आणि मुख्य म्हणजे पलटणींच्या पगारासाठी अलीगढच्या आसपासचा दुआबातला मुलूखच तोडून दिला. छत उतरवून नाणी पाडायची वेळ नको! १७९० मध्ये पाटणला आणि मेडत्याला याच पलटणींनी राजपुतांना हरवलं. मेडत्याला राठोडांचे स्वार जिवाची पर्वा न करता चौकोनावर येऊन आदळले, आणि चौकोन मोडला नाही. तीस वर्षांपूर्वी जे तासाभरात विस्कटलं होतं, ते इथे टिकलं. कारण इथे सगळी रचनाच मंद गड्याभोवती केली होती. रसद त्याच्या सोयीची, पगार त्याच्या सोयीचा, स्वारांची कामंही त्याच्या सोयीची.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला आपल्या पुण्यात, वानवडीला वारले. त्यांनी घडवलेलं हत्यार मात्र आणखी नऊ वर्षं त्याच धारेचं होतं. २३ सप्टेंबर १८०३, भोकरदनजवळचं असई. वेलस्ली कैलना नदी अचानक ओलांडून बगलेवर आला, तेव्हा शिंद्यांच्या पायदळाने आणि तोफांनी भराभर तोंड फिरवून त्याच्यासमोर नवी फळी धरली. पानिपतावर तोफेचा नेम हलत नव्हता, इथे अख्खी फळी फिरली! इंग्रजांचे सुमारे १६०० जण मेले वा जखमी झाले, लढणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. काहीजण मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांनी मागून तोफा डागल्या. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही याच वेलस्लीने आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून असईचं नाव घेतलं, ते उगीच नाही.

मग हरलो का? महादजी नव्हते. पलटणींतले कित्येक गोरे अंमलदार इंग्रजांच्या जाहीरनाम्यानंतर आधीच निघून गेले होते. आणि शिंदे-भोसल्यांच्या घोडदळाचा मोठा जमाव जवळ असून गोलंदाजांच्या मदतीला आलाच नाही. पानिपतावर चपळ गडी फार पुढे गेला, असईला तो मागेच राहिला. दोन्हीकडे एकटा पडला तो मंद गडीच.

'तोफांच्या नादी लागलो म्हणून बुडालो, घोड्यावरच राहायला हवं होतं' असं म्हणणाऱ्यांनी एकदा खडकीचाही विचार करावा. ५ नोव्हेंबर १८१७ ला आपल्याकडे स्वार भरपूर होते, समोर इंग्रज जेमतेम २८००. स्वारांचा लोंढा सुटला तो मधल्या दलदलीत अडकला, आणि उभ्या रांगेच्या गोळीबारात त्याचा भर ओसरला. दुसरे बाजीराव पर्वतीवरून बघत होते. नुसता वेगही पुरत नाही.

इतकं सगळं आठवल्यावर मला भाच्याच्या खेळातला तो नियम फार शहाणपणाचा वाटायला लागला आहे. मंद आणि बलवान गडी घ्यायचा की नाही, हा प्रश्न नसतोच. त्याला घेतल्यावर बाकीचे थांबायला तयार आहेत का, हा खरा प्रश्न. उदगीरला थांबले, मेडत्याला थांबले. पानिपतावर ऐन वेळी धीर सुटला.

आपण मात्र 'पानिपत झालं' म्हणतो आणि खापर फोडतो ते जड तोफांवर, नाहीतर भाऊंच्या हट्टावर. वानवडीला शिंदे छत्रीपाशी गेलात तर महादजींना हात जोडाल तेव्हा इब्राहिमखानाचंही नाव मनात घ्या. पुण्याच्या जिभेवर 'गारदी' या शब्दाला एकच अर्थ उरला आहे. दुसरा अर्थ, पगार चोख मागणारा आणि जागा न सोडणारा, तोही याच शब्दात आहे.